सगळ्यांनी डाव्या हातानं

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं ते ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत. आमचं गाव मुठा, पिरंगुटहून घाट ओलांडून लवासाकडे निघालं की लागतं. वरच्या अंगाला टेमघरचं धरण, खाली नदीच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. जुलैत सगळं खोरं चिखलात उतरलेलं असतं, तसे त्या सकाळी आम्हीही उतरलो होतो. अण्णा बांधावर न्याहारी करत होते. उजव्या हातात भाकरी, डाव्या हातात चहाचा कप. तो कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि "काय झालं? असं काय बघताय?" म्हणून तेच आम्हाला विचारायला लागले.

१०८ ची गाडी बोलावली. गुठळीमुळे लकवा झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मी शाळेतल्या एका आरोग्य शिबिरात ऐकलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ऐकलेलं त्या दिवशी कामी आलं. घाटात धुकं होतं, चांदणी चौकात गर्दी होती, तरी आम्ही वेळेत पुण्यात पोचलो. इंजेक्शन मिळालं आणि अण्णा वाचले. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती, म्हणून शरीराची डावी बाजू लुळी पडली. बोलणं मात्र शाबूत राहिलं.

घरी आणल्यावर गाव लोटलं. कुणी कबुतराच्या रक्तानं मालिश करायला सांगितलं, कुणी खारावड्याच्या म्हसोबाला नवस बोलायला. सगळे मायेपोटीच बोलत होते. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नवस बोलला आणि कबुतराला नाही म्हटलं. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांच्या वेळा माझ्या मुलीनं कॅलेंडरवर लिहून ठेवल्या.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. अण्णांचं जेवण झालं की ताटात लोणचं, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. आईंना वाटलं, तोंडाची चव गेली असेल. पण चटणीची वाटी उचलून उजवीकडे ठेवली की ती संपायची. आपल्याकडे ताटाच्या डाव्या अंगाला जे वाढतात ते सगळं त्यांच्यासाठी नव्हतंच. दाढी करताना अर्धाच चेहरा व्हायचा. डावीकडून कुणी हाक मारली तर ते उजवीकडे शोधायचे. डोळे ठीक होते. उजव्या मेंदूला मार बसला की कित्येकांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, असं फिजिओताईंनी समजावलं. त्या आठवड्यातून दोनदा पिरंगुटच्या बाजूनं यायच्या. पाऊस फार झाला की तेही चुकायचं.

त्या यायच्या तेव्हा अण्णा व्यायाम करायचे. त्यांची पाठ फिरली की हात मांडीवर पडून राहायचा. "अण्णा, मूठ उघडा, मिटा, दहादा करा," मी सांगायचे. ते दोनदा करायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. ज्या माणसानं आयुष्यभर अख्ख्या वाडीच्या आवणीची पाळी लावली, त्याला आता आम्ही भरवत होतो, सदऱ्याची बटणं लावत होतो, त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होतो. लकव्यानंतर तीन रुग्णांमागे साधारण एकाला नैराश्य येतं, हे मी पुढे वाचलं. आमच्या ओसरीवर ते रोज दिसत होतं.

श्रावणात एका दुपारी पोरं ओसरीवर लुडो खेळत होती. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. मुलानं पाच पडल्यावर सहा घरं सोंगटी सरकवली आणि बाजेवरून आवाज आला, "ए, पाचच. मोजून चाल." कितीतरी दिवसांनी अण्णा स्वतःहून बोलले होते. मुलगी म्हणाली, "आबा, मग तुम्हीच या ना खेळायला." त्यांनी मान हलवली. तिनं हिरव्या सोंगट्या त्यांच्या नावावर लावून टाकल्या आणि त्यांच्या वाटचा फासा स्वतः टाकायला लागली. तिसऱ्या-चौथ्या पाळीला ते म्हणाले, "आण इकडं. मी टाकतो."

त्यांनी तो उजव्या हातानं टाकला. पुढच्या खेपेला फिजिओताईंनी हा खेळ पाहिला आणि त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला. आमचं घर बदललं ते त्या बेतामुळे, म्हणून तो सविस्तर सांगते.

आधी बाजेवरून उठवून अण्णांना पाठीच्या, हातांच्या खुर्चीत बसवलं, पावलं जमिनीला टेकतील अशी. पट टेबलावर, आणि तो थोडा डावीकडे सरकवलेला. पटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. पाळी आली की आधी लाल पट्टी शोधायची आणि तिथून उजवीकडे पट वाचत यायचं. हात पुढे न्यायचा तर अण्णा कंबरेतून सगळं धड पुढे ढकलायचे, म्हणजे हाताला काम उरायचंच नाही. ताईंनी त्यांचंच उपरणं छातीवरून घेऊन खुर्चीला सैलसर बांधलं. शेवटी नियम केला की फासा आणि सोंगटी डाव्या हातानंच.

पहिल्या दिवशी फासा त्या मुठीत गेला तो बाहेर येईना. लकव्यात मूठ मिटणं आधी येतं. बोटं उघडणं फार उशिरा येतं, आणि फार कष्टानं. अण्णा मुठीकडे एकटक बघत होते, कपाळावर घाम आलेला. पोरं गप्प. अंगठा जरासा हलला, मग तर्जनी, आणि फासा घरंगळला. दोन पडले. मुलगा ओरडला, "दोनच!" त्याला काही सुचवायचं नव्हतं, त्याला फक्त आपली पाळी हवी होती. अण्णांनी दोन घरं सोंगटी सरकवली आणि विचारलं, "आता कुणाची पाळी?" मी तिथून उठून आत गेले आणि रडले.

ताईंचा हिशेब सरळ होता. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं की व्यायामाच्या एका बैठकीत रुग्णाच्या हातानं कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होते, तर प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू नव्यानं शिकताना दिसला, तिथे ती शेकड्यांत होती. आता लुडो घ्या. चार सोंगट्या घरी न्यायच्या तर साठ-सत्तर वेळा फासा टाकावा लागतो. दर वेळी तो उचलायचा, हलवायचा, सोडायचा आणि मग सोंगटी चिमटीत धरायची. एका डावात दोनशेच्या वर हालचाली सहज होतात. "दोनशे वेळा मूठ उघडा" असं सांगितलं असतं तर अण्णांनी आम्हाला घराबाहेर काढलं असतं.

मी शिक्षक आहे, मला वाचायची सवय आहे. या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले आणि एक हकिगत मनात पक्की बसली. २००६ साली निन्टेंडो कंपनीनं 'वी' नावाचं खेळयंत्र आणलं. हातातला रिमोट हलवला की पडद्यावरचा खेळाडू टेनिस खेळतो. कॅनडातल्या डॉ. गुस्तावो सॅपोस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लकव्याच्या रुग्णांवर वापरून पाहिलं. २०१० साली छापलेल्या २२ जणांच्या छोट्या अभ्यासात वी खेळणाऱ्यांचा हात जास्त सुधारलेला दिसला. आशा वाढली. मग चार देशांत १४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली आला. एका गटाला वी, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असे साधे खेळ. नेहमीची फिजिओथेरपी दोघांनाही. दोन आठवड्यांत तासाच्या दहा बैठका. निकाल असा की दोन्ही गट सुधारले आणि दोघांत फरक निघाला नाही.

बहुतेकांना या निकालात यंत्राची हार दिसेल. मला त्यात मुठ्यासारख्या गावाची जीत दिसली. जे काम महागड्या यंत्रानं होतं तेवढंच पत्त्यांच्या कॅटनंही होतं, तर आम्ही कशासाठी अडून बसावं? पत्ते, लुडो, कॅरम, कवड्यांचा पट यांतलं काहीतरी प्रत्येक घरात असतंच.

तरीही एक प्रश्न उरला. अण्णा एकटे बसून फासा का टाकत नव्हते? आम्ही करून पाहिलं. फासा तोच, हात तोच, पण समोर कुणी नसलं की पाच-सहा वेळा टाकून हात मांडीवर. समोर नातू बसला की तास निघून जायचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी यावर काम केलं आहे. 'बलून बडीज' नावाच्या त्यांच्या खेळात दोघांनी मिळून एका दांडीवर चेंडू तोलून धरायचा असतो. दांडीचं एकेक टोक एकेकाकडे. २०१७ साली त्यांनी मांडलं की कमकुवत खेळाडू एकटा खेळतो त्यापेक्षा जोडीदाराबरोबर चांगला खेळतो. आमच्या ओसरीवर आम्ही तेच बघत होतो. समोरचा माणूस वाट बघतो, आणि कुणीतरी आपली वाट बघतंय या जाणिवेनं हात उचलला जातो. आजारी माणसासाठी सगळे सगळं करत असतात, त्याच्यावाचून अडत कुणाचंच नाही. खेळात मात्र त्याच्या पाळीला सगळ्यांचं अडतं.

एकदा नातीनं मुद्दाम चुकीची चाल केली, आबांना जिंकू द्यायला. अण्णांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी पट उलटा केला आणि दोन दिवस खेळायला बसले नाहीत. मन दुखावलं होतं. त्यांना खेळात दया नको होती, पण बरोबरीनं खेळायचं तर पोरांचे हात चपळ आणि त्यांचा हात जड. वाट मुलीनंच काढली. "आपण सगळ्यांनीच डाव्या हातानं खेळायचं. आबा, मी, आजी, आई, सगळ्यांनी." धाकटा आमचा डावखुरा. त्याला सांगितलं, तुझा उजवा. तो कुरकुरला आणि कबूल झाला.

हा नियम आला आणि मग कॅरम निघाला. अण्णा तरुणपणी कॅरमचे पट्टीचे खेळाडू, गणपतीतल्या स्पर्धांना जायचे. डाव्या हातानं स्ट्रायकर मारायचा म्हणजे बोट झटक्यानं उघडायचं, त्यांच्यासाठी सगळ्यांत अवघड तेच. सुरुवातीला त्यांचा स्ट्रायकर वीतभर जाऊन थांबायचा. पण माझाही कुठे जात होता? माझ्या डाव्या हाताला तर जन्मात नेम नव्हता. बोर्डावर पावडर पसरायची, सोंगट्या मधोमध लावायच्या, ही कामं अण्णांनी मागून घेतली. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि मधे राणी. एकेक सोंगटी डाव्या चिमटीत धरून ती रचना व्हायला सुरुवातीला वेळ लागायचा आणि आम्ही थांबायचो. मधे कुणीही हात घालायचा नाही, ही ताईंची सक्त ताकीद होती.

अण्णांचं डाव्या बाजूचं दुर्लक्षही बोर्डावरच कमी होताना दिसलं. सुरुवातीला डाव्या कोपऱ्यातल्या भोकाशी सोंगटी अगदी तोंडावर असली तरी त्यांना दिसायची नाही. आई समोर जोडीदार म्हणून बसायच्या. त्या काही सांगायच्या नाहीत, बोर्डाच्याही डाव्या कडेला लावलेल्या लाल पट्टीवर नुसतं बोट आपटायच्या. हळूहळू बोट आपटायची गरज कमी झाली. मग एका रात्री जेवताना अण्णांनी चटणी मागितली. ताटात डावीकडची संपली होती.

त्यांचे एक जुने मित्र शेजारच्या वाडीत राहतात. त्यांनाही लकवा होऊन गेलेला, पण उजव्या बाजूचा आणि वाचाही गेलेली. मेंदूच्या डाव्या बाजूचा लकवा बऱ्याचदा बोलणं नेतो. माणसं भेटायला यायची, बोलणार काय, म्हणून उठून जायची. त्यांच्या मुलानं त्यांना मोटारसायकलवर मागून धरून आमच्याकडे आणलं. खेळाला बोलावं लागत नाही. आमच्याकडे डावा हात लुळा, त्यांच्याकडे उजवा. मग नियम बदलला, ज्याचा जो हात कमजोर त्यानं तोच वापरायचा. दोघे कॅरमला भागीदार झाले. एकदा लुडोत त्यांचा फासा पडला आणि त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द निघाला, "सहा!" सगळे दचकले, तेही दचकले. ठरवून बोलायला गेलं तर न निघणारे शब्द, आकडे, शिव्या, अभंगाच्या ओळी अशा रुग्णांच्या तोंडून कधी कधी आपसूक निघतात, हे वाचा गेलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांना ठाऊक असतं. म्हणून त्यांचं सगळं बोलणं लगेच परत आलं असं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक फाशाला ते आकडा म्हणायला बघतात, आणि जमला की अण्णा टेबलावर थाप मारतात.

माझे दीर पुण्यात असतात. त्यांना रोज येणं जमत नाही, म्हणून मोबाईलवरचा 'लुडो किंग' आमच्या घरी आला. हा खेळ आपल्याच महाराष्ट्रातल्या कंपनीनं २०१६ साली काढला आणि टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. रात्री रेंज असली की दीर तिकडून आणि अण्णा इकडून खेळतात. पडद्यावर बोट टेकवून फासा टाकण्यात मूठ उघडायचा व्यायाम नाही, हे मी सांगून ठेवते. हातासाठी खरा फासाच हवा. पण मनासाठी त्या खेळाचं मोल आहे. पूर्वी दिरांचा फोन आला की "गोळ्या घेतल्या का, झोप लागली का" एवढंच बोलणं व्हायचं. आता अण्णा त्यांची सोंगटी मारतात आणि दीर तिकडून ओरडतात.

काय झालं नाही, तेही सांगायला हवं. अण्णांचा हात पहिल्यासारखा झालेला नाही. ते आवणी करू शकत नाहीत, चिखलात उतरू शकत नाहीत. बटण लावायला अजून मदत लागते. पेला धरता येतो, भाकरी मोडताना डावा हात ताटाला आधार देतो, काठी घेऊन ते मारुतीच्या देवळापर्यंत जातात. हे केवळ खेळानं झालं असं मी म्हणणार नाही. औषधं, ताईंचे व्यायाम आणि गेलेला काळ यांचा त्यात मोठा वाटा आहे. पडद्यावरच्या खेळांबद्दल झालेल्या ७२ अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेनं २०१७ साली घेतलेला आढावाही हेच सांगत होता, की असे खेळ नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरत नाहीत, पण त्यांना जोड म्हणून दिले तर फायदा होऊ शकतो.

"घरचेच सगळं करतील" या भरवशावरही राहू नये. आपल्या देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात घरच्या माणसाला शिकवून घरीच व्यायाम करून घ्यायचे होते. २०१७ साली निकाल आला तेव्हा सहा महिन्यांनंतरच्या परावलंबनात फरक पडलेला दिसला नाही. घरच्यांची माया मोठी, पण तिच्या जोडीला जाणकार माणूस हवाच. खांदा निखळू नये म्हणून लुळा हात कसा धरायचा, ओढायचा कसा नाही, थकवा कधी ओळखायचा, धड कधी बांधायचं, हे आम्हाला ताईंनी शिकवलं नसतं तर खेळता खेळता आम्ही अण्णांना इजाच केली असती. दमणूक दिसली की डाव अर्धा सोडायचा, हा त्यांचा नियम आम्ही आजही पाळतो.

मुठा खोऱ्यात फिजिओथेरपी मिळवायची तर घाट ओलांडावा लागतो. पावसाळ्यात ते रोज शक्य नाही, आणि हातावर पोट असलेल्याला कधीच शक्य नाही. म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. आरोग्य खात्याकडे एवढंच, की गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट बसावा. गावाकडे मागणं आणखी सोपं आहे. प्रत्येक गावात पारावर, देवळात, तालमीशेजारी पत्त्यांचा नाही तर कॅरमचा डाव रंगतोच. तिथे हातांची एक खुर्ची ठेवा आणि बोर्डाखाली टेबल लावा. लकवा झालेल्या माणसाला घरी जाऊन भेटता, तसं त्याला डावात बोलवा. तो सावकाश खेळेल, तेवढं थांबा. त्याच्या वाटचा फासा तुम्ही टाकू नका, आणि त्याला मुद्दाम जिंकूही देऊ नका. आमच्या गावात हे सुरू झालं आहे. देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी कॅरम लागतो, अण्णा आणि त्यांचे मित्र एका बाजूला, गावातली तरणी पोरं दुसऱ्या बाजूला, आणि तरण्या पोरांनी डाव्या हातानं खेळायचं ही अट सगळ्यांनी मान्य केली आहे.